सुहासिनीताई आणि चिलखतवालं अस्वल

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गावाला निघालं की सुहासिनीताई रिकामं पाकीट घेऊन दारात हजर. "येताना चिमूटभर वाळलेलं शेवाळ आण हं." लोक काजू मागतात, कोकम मागतात, या बाई शेवाळ मागतात! आमच्या विरारच्या मनवेलपाड्यात निम्मे कोकणातले, निम्मे देशावरचे, त्यामुळे ताईंकडे घरबसल्या साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंतचं शेवाळ जमलेलं.

ताई एकतीस वर्षं एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. काचपट्ट्या धुवायच्या, बरण्या पुसायच्या, सरांच्या संशोधनासाठी नमुने शोधून द्यायचे. छापून आलं की नाव सरांचं, डोळे मात्र ताईंचे. निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं, आणि मोडीत निघालेला एक मायक्रोस्कोप त्यांनी स्वतः मागून घेतला. एकदा चहा पिता पिता मला म्हणाल्या, "संपदा, एकदा तरी माझं नाव छापून यावं गं." आणि म्हणून झाल्यावर लाजल्या. बासष्ट वर्षांची बाई अशी लाजली की मलाच भरून आलं.

त्यांचं सगळं वेड जलअस्वलांचं. खरं अस्वल नव्हे हो! टाचणीच्या टोकापेक्षाही लहान, गुबगुबीत, आठ पायांचं, पायांना नख्या, आणि चाल लग्नात जेवून उठलेल्या मामासारखी. शेवाळात राहतं, पाणी आटलं की अंग आकसून गोळी होतं, कित्येक वर्षांनी थेंब मिळाला की आळस देत उठतं. हिमालयात आहे, समुद्राच्या तळाशी आहे, इथे शेजारी तुळिंजच्या कठड्यावरही आहे. घराणं पन्नास कोटी वर्षांहून जुनं. खेकडे-झुरळं लांबची चुलत भावंडं, पण यांचा संघ वेगळा, कुणात मिसळत नाहीत. जमिनीवरच्यांत ढोबळ दोन तऱ्हा, उघडी आणि पाठीवर चिलखत घातलेली. हे सगळं मला पाठ आहे, कारण ताई जिन्यात भेटल्या की सुटका नसते.

आपल्या वसई-विरारमध्ये ताईंना पाच वर्षं नुसती उघडीच सापडत होती. गास गावच्या विहिरी झाल्या, चर्चच्या मागची भिंत झाली, चिलखतवालं काही मिळेना. वसईचे जॉयल सर याच विषयात संशोधन करतात. ते म्हणाले होते, "इथे चिलखतवालं मिळालं ना ताई, तर आपण टिपण छापू, आणि पहिलं नाव तुमचं."

गणपती गेले आणि दुसऱ्या रविवारी सकाळी ताई गाऊनवर ओढणी घेऊन जिन्यातून ओरडत आल्या, "मिळालं! मिळालं! आपल्याच कंपाउंडच्या भिंतीवर!" मायक्रोस्कोपपुढे रेशनसारखी रांग लागली. लालसर रंगाचं, पाठीवर ताटल्या रचलेलं ते ध्यान काचेवर डुलत चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या सिद्धेशने पेढे आणले, समोरच्या प्रिस्काने केक कापला. मीही दोन पेढे खाल्ले, आणि तिसरा तोंडात घालताना विचारलं, "भिंतीवर नक्की कुठे, ताई?"

"तुझ्या खिडकीखाली गं! अळू आहे ना, तिथे."

मी तो पेढा परत डब्यात ठेवला. मे महिन्यात मी कुडाळहून शेवाळ आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "शेवाळ कित्याक व्हया गो तुका? फणस व्हर." तरी फणसाऐवजी शेवाळच आणलं. पण कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावरचं ते, मातीने भरलेलं. शेजारच्या बाईला अशी घाण द्यायची कशी? विरारला आल्यावर तासभर भिजत घातलं, पालेभाजीसारखं चार पाण्यांनी खळाखळा धुतलं, पिळून वाळवलं आणि मग पाकिटात भरून दिलं. पाणी नेहमीसारखं खिडकीतून अळवावर. ताईंनी तेव्हा वहीत बिचाऱ्या कुडाळपुढे शून्य लिहिलं होतं!

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण पाच वर्षं शेवाळ उपसणाऱ्या बाईच्या नावापुढे माझं शेवाळ धुतलेलं पाणी? सगळे गेल्यावर मी रडत रडत सांगितलं. ताई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "भिजवून पिळलंस?"

"हो."

"अगं गाढवे, आम्ही अस्वलं अशीच तर काढतो!" आणि त्या इतक्या हसल्या की केकची ताटली मांडीवरून पडली. हसता हसता डोळे पुसले, ते मात्र हसण्याचे नव्हते. मी ओळखते. तरी त्यांनी फोन उचलला आणि जॉयल सरांना सगळं, चार पाण्यांसकट, सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"कदाचित कुडाळचं असेल, कदाचित इथलंच. ते नंतर तपासू," सर म्हणाले. "आधी हे बघा, ते नुसतं जगलंय की वाढतंय? टाकलेली कात शोधा. ही अस्वलं अंडी कातेत घालतात. अंडी मिळाली तर ते इथे रुळलं. तेही छापण्यासारखंच आहे, ताई."

मग काय! स्वयंपाक राहिला बाजूला. मी भिंतीवरून शेवाळ खरवडत होते, ताई काचेवर काच बघत होत्या. दुपारी तीनला त्यांनी मला मानेने जवळ बोलावलं. पारदर्शक रिकामी कात, आणि आत डाळिंबाच्या दाण्यांसारखी दोन लाल अंडी. मी ताईंना मिठीच मारली आणि मायक्रोस्कोप थोडक्यात वाचला.

काचपट्टीला चिठ्ठी लावायची वेळ आली. ताईंनी लिहिलं, "मूळ गाव: बहुधा कुडाळ. सध्या राहणार: मनवेलपाडा, विरार पूर्व." खाली, "शोधक:" आणि तिथे पेन थांबलं. सवयीने त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी कुणाचं तरी नाव सांगणार होते.

"तुमचं लिहा," मी म्हटलं.

त्यांनी आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावाशिवाय, नुसतं सुहासिनी. चिठ्ठी तिरकी लागली, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली.