मनोहरराव आणि टपकणारा व्हॉल्व्ह

मनोहर सबनीस परदेशात, यिशुन उपनगरातल्या आपल्या इमारतींच्या ब्लॉकमध्ये कुणाकडे चहाला आले, की निघेपर्यंत त्या घरचा नळ टपकायचा थांबलेला असे. पंचवीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. टप-टप कानी आलं की हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जाई. यजमान आभार मानत, तोवर हे दुसऱ्या नळाच्या शोधात.

शहाण्णव साली त्यांच्या लेकीला, जाईला, आखातातल्या एका वाळवंटी किल्ल्यात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचं बोलावणं आलं. तिने इंजिनिअरिंग सोडून आर्ट कॉलेज धरल्यापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

"बाबा, एकदा बघ तरी मी काय करते ते," ती म्हणाली.

नीताताईंनी नवऱ्याचं तिकीट परस्पर काढलं आणि बजावलं, "तिथे तोंड उघडू नका." हातांबद्दल बजावायचं राहून गेलं.

किल्ल्यात एका खोलीत फाटक्या छत्र्यांचा ढीग होता, दुसरीत काहीच नव्हतं. त्या रिकाम्या खोलीचं मनोहररावांनी मनापासून कौतुक केलं, सावली होती. मग आली जाईची खोली. पूर्वी उंटांचे तांडे जिथे पाणी पीत, त्या कोरड्या हौदावर जहाजाचा जुना पितळी व्हॉल्व्ह टांगला होता. त्यातून वाळूत थेंब पडत होता.

जाई परीक्षक कुठवर आले ते बघायला फाटकाशी गेली होती. मनोहररावांना राहवेना. पोरीने एवढं देखणं काम केलं आणि नट ढिले ठेवले! चारचौघांत शोभा व्हायची. त्यांनी पाना काढला, दोन्ही नट आवळले, वर रुमालाने पितळही पुसलं.

"बाबा! थेंब कुठे गेला?" जाई दारातूनच ओरडली.

"केला बंद. काळजी नको."

"तोच तर एक्झिबिट आहे, लाह!" चिडली की यिशुनच्या बोलीतलं 'लाह' तिच्या वाक्याला चिकटे.

"गळणं?"

"हो, गळणंच! संध्याकाळपर्यंत वाळूत ओल किती पसरते, एवढंच दाखवायचं होतं. जज दहा मिनिटांत येतायत!" तिचा आवाज चिरकला.

मनोहररावांनी पुन्हा पाना काढला. गळती थांबवायला शिकवणारे भेटले होते, सुरू करायला कुणी शिकवलं नव्हतं. नट सैल केले तर धार लागली, आवळले तर सगळं कोरडं. तिसऱ्यांदाही जमेना, तेव्हा ते लेकीकडे वळले.

"साहेब, तुम्हीच सांगा. किती हवंय?"

जहाजाच्या कप्तानालाही त्यांनी कधी इतक्या नमून विचारलं नव्हतं. जाईने घड्याळ पुढे धरलं.

"चार सेकंदांना एक... टू फास्ट. किंचित आवळ. नको, उलटा! अजून केसभर... स्टॉप. आता हात लावायचा नाही."

परीक्षक आले. चौघेही वाकून वाळूतला ओला ठिपका बघत राहिले, मग बराच वेळ जाईला काय काय विचारत राहिले. मनोहरराव हात पाठीमागे बांधून चारपर्यंत मोजत होते आणि थेंब पडला की मान डोलावत होते.

मंडळी पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "ऊन चढलं की आतलं गळती अडवणारं पॅकिंग सुकेल बरं का. वेग बदलेल. इथे कुणीतरी बसायला हवं."

"मग बस ना, बाबा."

जाईने हौदाच्या कडेवरची वाळू झटकली. दोघांपुरती.