शिट्टीताईंचे पन्नास मीटर

शिट्टीताईंना पोहता येत नाही हे पथकाला कळायला एकोणीस वर्षं लागली, आणि कळलं तेही त्यांच्याच एका नियमामुळे.

तशा त्या दातांच्या कवळ्या करायच्या. दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, हात लांब करून पाहायचा, पटला नाही की पुन्हा काढायचा. समोरच्या फळीवर साच्यातले पंधरावीस जबडे कायम हसत असायचे. त्यांच्याकडे पाहून शिट्टीताई मोठ्यांदा शनिवारचे बेत आखायच्या. विरोध कुणाचाच नसायचा. शनिवारी दुपारी तीनला मात्र एप्रन खुंटीवर, गळ्यात शिट्टी, आणि बाई शाळेमागच्या सभागृहात हजर. तिथं विरोधच विरोध.

कारण स्काऊट पथक त्यांनी बांधलंच होतं तसं. बत्तीस मुलंमुली, आठ-आठांचे चार संघ: घार, पिंगळा, खंड्या आणि टिटवी. एकाकडे तंबू, एकाकडे भांडी, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे नोंदवही. दर महिन्याला कामं फिरायची, म्हणजे ‘भांडी आमच्याच गळ्यात का’ हे रडगाणंही फिरायचं. प्रत्येक संघाला एक नायक. हे चार नायक महिन्यातून एकदा उलट्या खोक्यांवर बसून सभा घेत आणि पथकाचं सगळं ठरवत. शिट्टीताई त्या सभेला बसत, पण त्यांना मत नव्हतं. “मी मत दिलं की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसणार,” असं त्या म्हणायच्या. सभेनं एकदा ठरवलं की ते मोडायची त्यांचीही बिशाद नव्हती.

यंदाचं शिबिर नदीतल्या बेटावर ठरलं. जायचं होडीनं. त्या सभेत टिटवी संघाची नायिका उठून उभी राहिली. तेरा वर्षांची, दोन वेण्या, खिशाला तीन पेनं. सगळे तिला वकील म्हणत.

“नियम सात,” तिनं वाचलं. “पोहण्याची चाचणी पास नसलेल्या कुणीही होडीत पाय ठेवायचा नाही. कुणीही म्हणजे कुणीही. ताई, तुमची चाचणी कधी झाली?”

“माझी?” शिट्टीताईंनी चहाचा कप खाली ठेवला. “अगं, मी काठावर असते ना नेहमी.”

“या वेळी काठ नदीच्या मध्ये आहे.”

“मी पथकाची प्रमुख आहे!”

“कुणीही हा शब्द तुम्हीच दोनदा लिहिलाय, ताई.”

उरलेले तीन नायक छताचं निरीक्षण करू लागले. मग एकेक हात वर गेला. चार विरुद्ध शून्य. शिट्टीताई पन्नास मीटर पोहल्या नाहीत तर होडीत नाहीत. त्या नाहीत तर शिबिरच नाही, कारण पथकात दुसरं मोठं माणूस नव्हतं. हातात सहा आठवडे होते.

“असला नियम केला तरी कुणी?” घरी नवऱ्यानं तोंडावर वर्तमानपत्र धरून विचारलं. वर्तमानपत्र हलत होतं.

“तुम्ही गप्प बसा हो.”

दुसऱ्या दिवसापासून बावन्न वर्षांच्या शिट्टीताई रोज सकाळी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून बसायला लागल्या.

“सूनबाई बादलीत काय शोधतेय रे?” सासूबाईंनी विचारलं.

“श्वास, आई,” नवरा म्हणाला. “अजून सापडला नाही.”

संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर शिकवणी. मास्तर अर्थातच वकील.

“ताई, कठडा सोडा.”

“सोडलाय.”

“डावा हात?”

“त्यानं धरलाय.”

“पोट वर. पाय हलवा. ताई, तुम्ही पाण्याला ओरडताय. ते ऐकत नाही.”

तिसऱ्या आठवड्यात त्या सहा आकडे मोजेपर्यंत तरंगल्या. एवढंच. पण त्या दिवशी आभाळ पाठीवर पडून पाहायची वस्तू आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि त्या आनंदात दुसऱ्या दिवशी त्यांनी एका आजोबांच्या कवळीत समोरच्या दाताच्या जागी दाढ बसवली.

चाचणी सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी. तीही पूर्ण गणवेशात, फक्त बूट काढून. कारण होडीतून पडणारा माणूस कपडे बदलून पडत नाही. हाही नियम त्यांचाच. म्हणून गळ्यात शिट्टीही होती. जायचं एकदा, वळायचं, परत यायचं. दोरीला, तळाला, कुणाच्या हाताला शिवायचं नाही. उंच खुर्चीवर जीवरक्षक काका कागद घेऊन बसले. काठावर बत्तीस जण ओळीत.

पहिले पंचवीस मीटर निघाले. खोल बाजूची भिंत शिवून त्या वळल्या, चार हात मारले, आणि नाकातोंडात पाणी गेलं. खाली दोन पुरुष पाणी. दोरी हाताशी, पण दोरीला शिवायचं नाही. तेव्हा त्यांच्या उजव्या हातानं एकोणीस वर्षं प्रत्येक संकटात केलं तेच केलं: शिट्टी तोंडात दिली.

भिजलेल्या शिट्टीतून बेडूक ओरडल्यासारखा आवाज चारदा आला. पण खूण स्पष्ट होती. चार तुटक शिट्ट्या म्हणजे हातातलं टाका आणि ताईंसमोर घोड्याच्या नालेसारखे उभे राहा, न बोलता.

बत्तीस जण बुटांसकट पाण्यात.

“अरे बूट! बूट!” जीवरक्षक काका खुर्चीवर उभे राहून किंचाळले. वकील नोंदवही डोक्यावर धरून सगळ्यात शेवटी आली. बारा आकडे मोजेपर्यंत पाण्यावर डोक्यांची नाल तयार. चिडीचूप.

शिट्टीताईंनी नजर फिरवली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

“ही नाल आहे? पिंगळे, कुठे वाहत चाललात? खंड्यांत सातच का? आठवा कुठाय? वर ये रे आधी! टोपी सरळ कर. घार, अंतर सारखं ठेवा, हे काय गटागटानं? एकोणीस वर्षं झाली, एक नाल सरळ येईना तुम्हाला!”

दोन मिनिटं बोलणी चालली. नाल हळूहळू नालेसारखी झाली.

“ताई,” वकील म्हणाली.

“काय आहे?”

“तुम्ही कशावर उभ्या आहात?”

शिट्टीताईंनी खाली पाहिलं. खाली काहीच नव्हतं. निळ्या पाण्यात दोन पाय सायकल मारत होते, आणि ते त्यांचेच होते. त्यांना इतकं हसू फुटलं की त्या नाकापर्यंत बुडाल्या आणि हसतच वर आल्या.

सभा तिथंच भरली.

“मदत झाली,” घारीचा नायक म्हणाला. “नापास.”

“कसली मदत? बोलणी खाल्ली आपण!” खंड्या म्हणाला.

“पण मध्ये थांबल्या ना,” पिंगळा म्हणाला.

वकिलानं ठिबकती नोंदवही उघडली. “थांबायचं नाही असं कुठे लिहिलंय? टेकायचं नाही एवढंच आहे. टेकल्या?”

“नाही.”

“कुणी हात लावला?”

“नाही.”

“मग चाचणी अजून चालू आहे.”

“लवकर ठरवा गं, जीव गेला माझा!” शिट्टीताई ओरडल्या.

“ताई, तुम्हाला मत नाही.”

हात वर गेले. बत्तीस जण बाजूला झाले आणि शिट्टीताई निघाल्या. एक हात बेडकाचा, दुसरा केर काढल्यासारखा, पाय कुठल्याच पुस्तकात नसलेले. पंधरा मीटर. दहा. दोन्ही बाजूंनी मुलं पोहत होती, हात आखडून, चुकून शिवू नये म्हणून श्वास धरून. मग बोटं भिंतीला लागली.

जीवरक्षक काका वाकून काहीतरी म्हणाले.

“काय म्हणाले?” शिट्टीताईंनी विचारलं. “कानात पाणी आहे माझ्या.”

“पास!” सगळे ओरडले.

“ऐकू आलं नाही.”

“पास!”

“पुन्हा म्हणा.”

कानातलं पाणी केव्हाच निघून गेलं होतं.