श्रीखंडाच्या डब्यातली गांडुळं

मासेमारीचा पहिला धडा मला आमच्या फ्रिजमध्ये मिळाला. चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सोसायटीतल्या मराठी बायका बाहेर बसल्या होत्या आणि आंबेडाळीबरोबर पाडव्याचं उरलेलं श्रीखंड वाढावं म्हणून मी डबा काढला. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपलं मराठी श्रीखंड मिळतं, तिथून आणलेला, चांगला घट्ट झाकणाचा. असा डबा आम्ही बायका जन्मात टाकत नाही. झाकण काढता काढता मी बाहेर कुणाला तरी उत्तर देत होते, त्यामुळे न बघताच चमचा आत खुपसला. आत ओली माती होती आणि मातीत गांडुळं वळवळत होती. श्रीखंड नवऱ्याने परस्पर संपवलं होतं.

"अगं, थंड जागी ठेवावी लागतात," नवरा अगदी शांतपणे म्हणाला. "व्हिडिओत सांगितलंय."

त्या दिवसापासून मला श्रीखंड जात नाही.

यंदा हा सरकारी नोकरीतून रिटायर झाला आणि घरी बसल्या बसल्या त्याला कोकण आठवायला लागलं. जन्म दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमधला, समुद्र पाहिला तो मे महिन्याच्या सुट्टीत, पण तोंडी सारखं एकच, "आम्ही दर्याकाठची माणसं." मयूर विहारचा फ्लॅट विकायचा आणि कोकणातल्या खाडीकाठच्या वडिलोपार्जित घरातल्या आपल्या वाट्याच्या दोन खोल्या दुरुस्त करून तिथे राहायचं, असं त्याने ठरवून टाकलं. माझी लेक आणि नात नोएडाला, मेट्रोत बसलं की पोचलंच. माझं सगळं आयुष्य या शहरात गेलेलं. मी तिकडे जाऊन काय करू, भरतीचं पाणी मोजत बसू? भांडण विकोपाला गेलं तेव्हा मी म्हटलं, "आधी स्वतःच्या हातानं एक मासा पकडून दाखवा. मग खुशाल विका फ्लॅट." मला वाटलं, विषय संपला.

विषय तिथेच सुरू झाला. नोएडाच्या पलीकडे एका गावात कुणीतरी शेतात तळं खोदून त्यात रोहू मासे सोडले होते. तासाचे पैसे द्या आणि गळ टाकून बसा. नवरा तिथे जायला लागला. माझ्या पुरणाच्या परातीत मोहरीची पेंड आणि कणीक एकत्र मळायचा, तो वास पडद्यांना बसला. मी माहेरची पक्की शाकाहारी. लग्नानंतर नाकाला पदर लावून मासे करायला शिकले, पण हा वास कुठल्याही कालवणाला नसतो. आणि दिवसभर फोनवर ते व्हिडिओ. पाण्यावर सावली पडू देऊ नका. पाय आपटू नका. दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट नुसता थरथरला तर ओढू नका, मासा चाखून बघत असतो; पूर्ण बुडाला की मनगट वर उचला. मी भाजी चिरताना, पूजा करताना हेच ऐकत होते. कानाला काय झाकण असतं?

मासा काही मिळेना. मिळणार कसा? हा जायचा तोच मुळी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेत तिथी बघून. वडिलांनी लहानपणी सांगितलेलं, पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं, मासा काठाशी येतो. म्हणून हा पौर्णिमेला, भर दुपारी, भरतीची वेळ साधून, नोएडाच्या तळ्यावर. तळ्याचा मालक एकदा माझ्यासमोर म्हणालाच, "अंकलजी, इधर समंदर थोडी है, ट्यूबवेल का पानी है." नवरा त्याच्याकडे ज्या दयेने बघत होता, ते बघून मला हसावं की रडावं कळेना.

हे ऐकलं त्या पौर्णिमेला, त्याला उन्हात चक्कर येईल म्हणून लेकीने मला त्याच्यासोबत धाडलं होतं. पाण्यावर हिरवा तवंग, त्यात गुटख्याच्या पुड्या. खुर्चीच्या पायाशी कुणीतरी टाकलेला सडका मासा, त्यावर माश्या घोंघावत होत्या. मी रुमाल नाकावर धरून बसले. तासाभराने नवरा उठला. "मी आलोच बाथरूमला जाऊन. तू काठी नुसती धर हां."

मी धरली. फ्लोट थरथरला. मी ओढला नाही. पुन्हा थरथरला, मग सरळ पाण्याखाली गेला, आणि माझं मनगट आपोआप वर झालं. घरात रोज ऐकून ऐकून हाताला सवय झाली होती, मेलं. काठी वाकली, पाणी उसळलं आणि हातभर रोहू गवतावर येऊन आपटला. तोंडातून रक्त, अंगावर शेंबडासारखा चिकटा.

मागे नवरा उभा होता. माझ्या मनात आलं, गेला फ्लॅट. हा आता 'मीच पकडला' म्हणणार, लेकीला फोटो पाठवणार.

त्याने हात ओले केले, गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"का सोडलात?"

"माझा कुठे होता? तू पकडलास." तो खुर्चीत बसला. "कणीक संपली. चल, जाऊ या."

"आणि ही?" मी त्याच्या पायाशी ठेवलेल्या श्रीखंडाच्या डब्याकडे बोट दाखवलं. दर वेळी गांडुळं विकत घ्यायचा आणि डबा भरलेलाच घरी आणायचा.

त्याने पायानेच डबा थोडा लांब सरकवला. मग म्हणाला, "मला हात लावता येत नाही त्यांना. बिल्कुल नाही. पहिल्या दिवशी प्रयत्न केला, ओकलो इथेच. कणीक पाण्यात विरघळते, मासे खाऊन जातात. हसू नको यार."

मला हसू आलं नाही. दर्याकाठचा हा माणूस महिनोन्महिने रिकामा गळ पाण्यात सोडून बसला होता, आणि गांडुळं घरी आणून फ्रिजमध्ये ठेवत होता, कारण डबा उपडा करून ती फेकायलाही त्याचा हात धजत नव्हता. माझा राग कुठे गेला कळलं नाही. वाईट वाटलं. खूपच.

मी डबा उघडला. एक गांडूळ चिमटीत धरलं. ते बोटाभोवती गार, ओलसर वेटोळं घालायला लागलं. डोळे मिटले आणि गळात ओवलं. नखात काहीतरी पिवळट आलं. मी काठी त्याच्या हातात दिली. तो माझ्या बोटांकडे बघत होता.

"माझ्याकडे काय बघताय? तिकडे बघा."

फ्लोट थरथरला. त्याचा हात लगेच वर जायला लागला, तो मी दाबून धरला. "थांबा. अजून नाही." मग फ्लोट बुडाला आणि सगळ्या तळ्यावर ऐकू जाईल अशी मीच ओरडले, "आता ओढा!"