जावेचा हिरवा रणगाडा

जुने व्हिडिओ गेम चांगले की आताचे, यावर आमच्या घरातली मुलं वाद घालतात. मला कोणी विचारत नाही. मासळी विकण्यात जन्म गेलेल्या म्हातारीला त्यातलं काय कळणार, असं त्यांना वाटतं. पण मी दोन्ही खेळले आहे. जुना आठ-नऊ वर्षं, जवळजवळ रोज. नवा वर्ष-दीड वर्ष. तेव्हा मलाही बोलायचा हक्क आहे.

आमच्याकडे गेम आला तो दोन हजार सालानंतर लगेच. माझ्या मुलाने आणला. टीव्हीला जोडायचा करडा डबा, दोन रिमोट, आणि डब्याच्या डोक्यात खोचायची एक जाड कॅसेट. मुलं वर्षभर खेळली. मग एकजण कॉलेजात गेला, दुसऱ्याला नोकरी लागली, आणि डबा टीव्हीखाली धूळ खात पडला. तो बाहेर काढला माझ्या धाकट्या जावेने.

आम्ही तेव्हा पनवेलात खाडीच्या बाजूला एकाच घरात राहायचो. दोघी सकाळी मासळी उचलायचो, बाजारात शेजारी शेजारी बसायचो, दुपारी एकला पाट्या धुऊन घरी. जेवणं झाली की दोन ते चार मोकळे. आजूबाजूच्या बायका त्या वेळात मालिका बघायच्या. जावेला मालिका सोसत नसत. "या बायका झोपतात पण नटून," म्हणायची. तिने एक दिवस डबा पुसला, टीव्हीला लावला आणि एक रिमोट माझ्या मांडीवर टाकला.

गेम रणगाड्यांचा होता. विटांच्या भिंती, खाली मधोमध एक पक्षी. वरून शत्रूचे रणगाडे येणार, त्यांनी पक्ष्याला गोळी मारली की खेळ संपला. माझा रणगाडा पिवळा, तिचा हिरवा. दोघींनी मिळून पक्षी सांभाळायचा. चित्र म्हणाल तर काहीच नाही. रणगाडा म्हणजे चार चौकोन आणि पुढे एक काडी. पण पहिल्या दिवशी चार वाजले तरी आम्हाला उठवेना.

नियम तिनेच काढला. जिचे रणगाडे आधी संपतील तिने संध्याकाळची करंदी सोलायची. करंदी म्हणजे बोटाच्या पेराएवढी कोळंबी. दोन कुटुंबांची करंदी सोलायला तासभर जातो आणि बोटांची आग होते. त्यामुळे खेळ खेळासारखा राहिला नाही. आम्ही जीव तोडून खेळायचो.

ती पक्ष्याजवळून हलायची नाही. मी म्हणायची, "पुढे हो ना गो, वरच्या वर मारू त्यांना."

"पाटी सोडून उठणारी मी नाय," ती म्हणायची. "तू जा भटकायला."

मी भटकायची. कधी माझी गोळी चुकून तिला लागायची आणि तिचा रणगाडा थोडा वेळ जागीच गोठायचा. मग भांडण.

"बाय, तू मला मारलंस."

"तू मधे आलीस."

"मी जागची हलले नाय. मधे कशी येईन? करंदी दिसली तुला."

असं आठ-नऊ वर्षं चाललं. मग ते घर इमारतीसाठी पाडलं. आम्ही सुकापूरला आलो, ते लोक करंजाड्याला गेले. डबा तिच्याकडे गेला आणि माळ्यावर पडला, कारण दुसरा रिमोट धरायला कोणी नव्हतं. पुढे माझे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, मांडी घालून बसायचं नाही. मांडी न घालता मासळी कोण विकतं? मी बाजार सोडला. ती बसत राहिली.

घरात बसणं मला जमलं नाही. ते तिलाही दिसत होतं, कारण आठवड्यातून दोनदा ती फोन करून माझी चिडचिड ऐकायची. तिच्या मुलाने मग उपाय काढला. दोघींच्या मोबाइलमध्ये नेटवरून खेळायचा रणगाड्यांचा नवा गेम टाकला. तू सुकापुरातून खेळ, ती करंजाड्यातून खेळेल, म्हणाला.

नवा गेम सुंदर आहे, हे खोटं कशाला सांगू. चिखलात रणगाड्याच्या पट्ट्यांचे वळ उमटतात. झाड पडतं तर ते पडताना हलतं. पण सुरू करायच्या आधी दहा खिडक्या मिटवाव्या लागतात. हे बक्षीस घ्या, ते बक्षीस घ्या. मैदान रोज वेगळं. आज शिकलेलं उद्या कामाला येत नाही. बाजारात जावं आणि रोज आपली बसायची जागा दुसऱ्या गल्लीत सापडावी, तसं होतं. तरी मी शिकले. नातवाकडून दोनदा शिव्या खाऊन शिकले. आणि मजा येत नव्हती असंही नाही.

मला खटकलं ते वेगळंच. जावेचा रणगाडा धावत होता. डोंगर चढून जायचा, शत्रूच्या मागून यायचा. मी तिला फोनवर विचारलं, "तू एवढी भटकायला कधीपासून लागलीस?"

"नवीन गेम हाय, नवीन रीत," ती म्हणाली.

पासष्टीच्या बाईची रीत फोन बदलल्याने बदलत नाही. मी एके दिवशी माझा फोन खेळायला नातवाच्या हातात दिला आणि न कळवता रिक्षाने करंजाड्याला गेले. बरोबर करंदी घेतली होती. दार उघडंच होतं. आत बघते तर सोफ्यावर तिची सून मोबाइल घेऊन खेळते आहे आणि जाऊ शेजारी बसून विचारते आहे, "मी मेले का जिवंत हाय?"

"जिवंत आहात, आई. मोठ्या आईच गेल्या," सून म्हणाली. मोठी आई म्हणजे मी.

मी दारातून म्हटलं, "मी गेले नाही. मी खेळतच नाही. मी इथे उभी आहे."

सून ओशाळली. ती सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी असते. सासूने सांगितलं म्हणून खेळत होती, तिचा काही दोष नव्हता. मी जावेकडे बघितलं.

"त्या एवढ्याशा काचेवर बोटं फिरवायला मला नाय जमत," ती म्हणाली. "तू एकटी पडशील म्हणून हिला बसवली. आता काय फाशी देणार हायस?"

मी फाशी दिली नाही. माळ्यावरून डबा काढायला लावला. सुनेने तो टीव्हीला जोडला. डबा चालू झाला आणि जाऊ पहिल्यासारखी खेळली. पक्ष्याजवळ ठाण मांडून, डावीकडचा एक, उजवीकडचा एक, टिपून मारत होती. मीच हरले. पण पाहुणीला सोलायला बसवायचं नाही म्हणून करंदी तिने सोलून दिली. मी खूश होऊन घरी आले आणि सगळ्यांना सांगितलं की नवे गेम माणसाला वेडं करतात, जुनेच खरे. माझ्या जावेकडे बघा, म्हटलं.

ती माझी चूक होती.

घरी करंदी धुवायला घेतली तर त्यात सालं होती. चार-पाचांची डोकीही तशीच. मला वाटलं, बोलण्याच्या नादात राहिलं असेल. मग काही दिवसांनी दवाखान्यात नवीन पनवेलची एक जुनी गिऱ्हाईक बाई भेटली. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "तुमच्या जाऊबाई आता फार सरळ झाल्या हो. पापलेटचा कल्ला उघडतात आणि आम्हालाच विचारतात, लाल आहे ना, बघून घ्या."

ती बाई हसत होती. मला हसू आलं नाही. मासळी ताजी आहे हे कल्ल्याच्या रंगावरून कळतं. कोळीण कल्ला उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते आणि सांगते, बघ कसा लाल आहे. सांगते. विचारत नाही. चाळीस वर्षांत मी माझ्या जावेला गिऱ्हाइकाला काही विचारताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परत करंजाड्याला गेले. डबा लावला. खेळ रंगात आला, तिचा हिरवा रणगाडा व्यवस्थित चालला होता. मी टीव्हीचा रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

हिरवा रणगाडा थांबला. मग भिंतीवर आपटला, मग परत भिंतीवरच आपटला. डावीकडून शत्रू आला, सरळ पक्ष्यापर्यंत गेला, आणि खेळ संपला.

"आवाज कुठं गेला?" ती म्हणाली.

"मी बंद केला."

तिने रिमोट मांडीवर ठेवला.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"दिसतं. धुकं हाय. डाव्यात जास्त, उजव्यात कमी." मग म्हणाली, "हा खेळ मला पाठ हाय. नवीन रणगाडा आला की टुंई वाजतं. पहिला डावीकडनं, दुसरा मधून, तिसरा उजवीकडनं. विटेला लागली गोळी की वेगळं वाजतं, लोखंडाला लागली की वेगळं. बघायचं काय त्यात?"

"आणि मासळी?"

"मासळीला हात हाय, नाक हाय."

"कल्ल्याला नाक नाही चालत."

"म्हणून विचारते ना गिऱ्हाइकाला. फसवत तर नाय कुणाला."

मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, काढून घे. लोक सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येतात. ती म्हणाली, काढायला मी भीत नाही. पण मुलाला सांगावं लागणार. तो किती वर्षं मागे लागला आहे, आई, बाजार सोड म्हणून. त्याला कारण मिळेल. आणि डॉक्टर महिनाभर पाण्यात, धुळीत जाऊ देणार नाही. महिनाभर जागा रिकामी राहिली की दुसरी कोणी बसते. बसलेली बाई उठत नाही. मी बाजार सोडला तेव्हा माझ्या जागेवर कोण बसली आणि ती उठली का, हे मलाही माहीत होतं.

"तू घरात बसलीस ते मी बघितलंय," ती म्हणाली. "मला तसं बसायचं नाय. बाय, कुणाला सांगू नको."

मी तिथूनच तिच्या सुनेला हाक मारली आणि सांगितलं.

यावर माझ्या घरातही दोन मतं आहेत. मुलगी म्हणते, मी आधी जावेला समजवायला हवं होतं. समजावून ऐकणारी असती तर ती आमच्या घरात चाळीस वर्षं टिकली नसती. जाऊ त्या दिवशी मला म्हणाली, "डोळे आले तरी तुझं तोंड बघणार नाय," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर तिच्या मुलाला म्हणाला, इतके दिवस कसं चालवलं यांनी. मुलगा माझ्याकडे आला आणि जाऊ म्हणाली होती तेच कारण त्याला मिळालं होतं. मोठी आई, आता बास झाला बाजार.

मी त्याला म्हटलं, "डोळे आणून देतोस आणि बघायचं काम काढून घेतोस? मग आणतोस कशाला?"

तो म्हणाला, जागा तर जाणारच आहे.

"जागा मी धरते," मी म्हटलं.

माझ्या मुलाने आरडाओरडा केला, गुडघे दाखवले. मी प्लास्टिकचं उंच स्टूल घेतलं आणि बाजारात गेले. स्टुलावर बसून मासळी विकणारी कोळीण पनवेलात कोणी पाहिली नसेल. बाजूच्या बायकांनी पोट धरून हसून घेतलं. "साहेबीण आली," म्हणायच्या. गिऱ्हाइकं वाकून बघायची तर मी वरून बोलायची. पाटी उचलायला दुसऱ्यांच्या विनवण्या कराव्या लागायच्या. गुडघे संध्याकाळी पावासारखे फुगायचे. एक डोळा झाला, मग दुसरा, म्हणून महिन्याचे अडीच महिने झाले. या अडीच महिन्यांत जाऊ माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी मासळीचा निरोप सुनेकडे द्यायची.

मग एका सकाळी ती आली. नवा काळा चष्मा लावलेला. मुलगा मागे उभा, तोंड पाडून. तिने चष्मा वर केला, माझ्या पाटीतलं एक पापलेट उचललं, कल्ला उघडला.

"हा शिळा हाय," ती म्हणाली. "हे काय विकतेस माझ्या जागेवर? ऊठ."

मी उठले. उठायला वेळ लागला, तर तिने दंडाला धरलं. आभार वगैरे आमच्यात मानत नाहीत. ती बसली आणि समोरच्या बाईला ओरडून भाव सांगायला लागली.

त्याच आठवड्यात दुपारी मी करंजाड्याला गेले. डबा लावला. पहिलं चित्र आलं आणि ती हातातला रिमोट धरून नुसती बघत बसली.

"हे असंच होतं पहिल्यापासून?" तिने विचारलं.

"असंच."

"चौकोन नुसते. पक्षी हाय का कोंबडी, ते पण कळत नाय. एवढी वर्षं आमी हे खेळलो?"

दोन डाव खेळून तिने रिमोट खाली ठेवला आणि सुनेला म्हणाली, तो फोनवरचा दाखव, ज्यात झाड पडतं. त्या काचेवर बोटं फिरवायला शिकायला तिला तीन दिवस लागले. आता ती चिखलातले वळ बघत हिंडते, डोंगर चढते, हरली तरी तिला चालतं. तिला सगळं बघायचं असतं.

मला विचाराल तर जुनाच चांगला. तो आपल्याला पाठ होता, आणि पाठ असलेल्या गोष्टीत चूक कोणाची ते लगेच कळतं. जाऊ म्हणते नवाच चांगला. तिला आता दिसतं, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. डबा तिच्या सुनेने मला देऊन टाकला. त्याला दोन रिमोट आहेत आणि मी एकटी आहे, म्हणून दुपारी दोन वाजले की मीही फोन उघडते, दहा खिडक्या मिटवते आणि ती कुठे भटकते आहे ते शोधायला लागते.