बोअरच्या पाण्यात धुतलेले मणी

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. तुम्हाला काऊन सांगून राह्यलो — मलाच ठाऊक नाही.

मी चौथी शिकलेला माणूस, वांकिडीकडचा. नव्वदच्या आधीची गोष्ट. आदिलाबादच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत अटेंडर होतो. पण काचेची नळी ज्योतीवर धरून केसासारखी बारीक ओढावी ती मीच — एवढी गुर्मी होती मला.

तिथं शिकवणाऱ्या कुमुदबाई डॉक्टरेटसाठी प्लास्टिकचे मणी करत. माझ्या नळीतून पातळ औषध वाहत्या पाण्यात सुटायचं, थेंब तुटायचे — सारे एका मापाचे, खसखशीएवढे. ते तापवून घट्ट करायचे, मग तेजाबात शिजवायचे. असे मणी टाकले की दोन रसायनं झटकन जुळायची, अन् मणी जसेच्या तसे गाळून परत. पहिली खेप झकास चालली. बाई म्हणाल्या, "शंकरकाका, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे."

"घाला की. पण हलकं घाला, नळी ओढताना हात जड होते."

दुसऱ्या खेपेला मणी धुवायचं माझ्यावर टाकून त्या वर्गावर गेल्या. जाताना बजावलं — डिस्टिल पाण्यानंच धुवा, बोअरचं खराब आहे.

खराब? त्याच पाण्यावर माझी पोरं वाढली. लागलं मला ते. मुद्दाम बोअरच्या नळाला रबरी नळी लावली. निथळलेल्या पाण्यात निळा कागद बुडवायचा. लाल झाला तर तेजाब अजून निघतंय, निळाच राहिला की धुणं झालं. कागद लालच होत गेला. मी हट्टानं दुपारभर पाणी सोडलं.

ते मणी मेले — बोअरच्या क्षारांनी त्यांच्यातलं कामाचं तेजाबच हुसकून लावलं होतं. काहीच जुळेना.

"काका, पाणी डिस्टिलचंच होतं ना?"

"मंग? मी काय नवा हाव का?" — वरून रागावलो.

त्यांनी विश्वास ठेवला. चूक स्वतःत शोधत बसल्या. पुन्हा मणी केले. आता सांगायचं ते हेच — तिसरी खेप डिस्टिलनं धुतली असती तर चालली असती. मग फरक कशाचा, हे बाईंना कळलं असतं. म्हणून तीही मी बोअरनंच धुतली. चौथीसुद्धा. समजून-उमजून.

शेवटी हैदराबादहून त्यांचे डॉक्टरेटचे मोठे सर आले. माझ्यादेखत बाईंना म्हणाले, पहिल्या खेपेचे आकडे तुम्ही घरी बसून लिहिले. बाईंनी वही मिटली. मी दोन हातांवर उभा राहून काचा पुसत होतो — एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडलं का मी?

बाईंनी डॉक्टरेट सोडली, मग कॉलेजही. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, शंकरकाका नसते तर एवढंही झालं नसतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो, हात जोडले, अन् त्या घेतल्या.