वजनकाटा आणि पॅन्ट

“मॅडम, सीधं अनफिट लिहून टाका. वजन तर तिथंच हाय.”

वासुदेवभाऊ वजनकाट्यावरून उतरले आणि खुर्चीत बसले. मी डॉक्टर आहे त्या स्टील प्लँटमध्ये ते क्रेन चालवायचे. खाली लेडल, म्हणजे वितळलेल्या स्टीलची भलीमोठी बादली लोंबकळत असते. तीन महिन्यांपूर्वी मेडिकल तपासणीत शुगर वाढलेली निघाली, चक्करही येत होती. मी त्यांना ग्राउंड ड्यूटी दिली. आमचे बॉस म्हणाले, “क्रेनवरून कायमचंच उतरवा. रिस्क क्यूँ लेना?”

“तीन महिने द्या, सर. मी बघते.”

रोज भराभर चाला म्हटलं, तर भाऊ माझ्यावरच उखडले. “भट्टीच्या वर बसून दिवसभर घाम गाळून राहिलो ना. मंग चालायचं कावून?”

अर्ध्या प्लँटचा हाच समज. अहो, घामानं पाणी जातं, चरबी नाही. ती बसून बसून पोटात साचते. मग इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर स्नायूंत पोचवणारं हार्मोन, नीट काम करत नाही. शरीर ते आणखी बनवतं, आणि चरबी जळायची राहूनच जाते. चालणारे पाय मात्र साखर स्वतःच ओढून घेतात.

भाऊ चालले. जुनवानीच्या रस्त्यावर, भर उन्हाळ्यात, रेनकोट घालून. घाम जास्त यावा म्हणून! तो मी रागावून उतरवायला लावला. चालणं त्यांनी सोडलं नाही.

आणि आज वजन तेवढंच. क्रेन गेली की हा माणूस मनानं खचणार, हे मला दिसत होतं.

रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. तोवर मी कंबर मोजायला टेप काढला. सोबत आलेल्या वहिनी म्हणाल्या, “मले विचारा ना. मीनं दोनदा पॅन्ट टाइट करून देली. हे म्हणतेत, धुवून धुवून कापड ढिलं झालं.”

मला हसूच आलं. पोटातली चरबी घटली होती, पायांत स्नायू भरले होते. काटा बेरीज दाखवतो, अदलाबदल नाही.

रिपोर्ट आला. शुगर आटोक्यात, इन्सुलिनही उतरलेलं. चक्कर तर कधीच थांबली होती. मी फिट लिहिलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. भाऊंनी डोळे पुसले, आणि वहिनींना म्हणाले, “चाल, पायदलच जाऊ.”

आता मेडिकलला कोणी आलं, की वजनाच्या आधी मी विचारते, पॅन्ट कशी बसते?