शुद्धीवर आणणाऱ्या परचुरे मॅडम

परचुरे मॅडम पेशंटला पहिल्यांदा भेटल्या की नमस्कार वगैरे नंतर. आधी त्याचं नाक चिमटीत धरायच्या. समोर बँकेचा मॅनेजर असो नाहीतर कॉलेजातली मुलगी, दोन बोटांत नाक घट्ट. "आता श्वास घ्या. तोंडातून. घाबरलात? छान. उद्या घाबरायचं ते आजच घाबरून घ्या." कसबा पेठेतले एक आजोबा चिडून म्हणाले, "अहो बाई, सोडा की!" मॅडम म्हणाल्या, "मी सोडते हो. उद्या ऑपरेशन झाल्यावर दोन्ही नाकपुड्यांत बोळे असतील, ते सोडणार नाहीत. त्यांची सवय आत्ताच केलेली बरी." आजोबा दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले ते तोंड उघडं ठेवून, अगदी शहाण्यासारखे.

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. पुण्यातल्या लहान हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ नोकरीला नसतात. केस असली की फोन जातो, त्या आपली बॅग घेऊन येतात आणि काम झालं की पुढच्या हॉस्पिटलात जातात. आमचं हॉस्पिटल नाक-कान-घशाचं. मालक आणि सर्जन एकच, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. मी तिथे रिकव्हरीची सिस्टर. ऑपरेशन झालेला माणूस पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत माझ्या ताब्यात असतो.

नाकाचं ऑपरेशन झालेला माणूस शुद्धीवर येतो तेव्हा त्याला काय वाटतं, याचा विचार करायला कुणाला सवड नसते, याची मला अजून चीड येते. अर्धवट जाग, नाक गच्च बंद, घशात रक्ताची चव, डोकं ठणकतंय, आणि आपण कुठे आहोत याचा पत्ता नाही. बुडतोय असं वाटून तो हातपाय झाडतो. आमच्याकडे याला शब्द होता 'दंगा'. पेशंट दंगा करतोय! मग दोन वॉर्डबॉयनी, म्हणजे आमच्या मामांनी, खांदे दाबायचे, बँडेजच्या पट्ट्यांनी मनगटं पलंगाला बांधायची आणि झोपेचं इंजेक्शन द्यायचं. घुसमटणाऱ्या माणसाला बांधून ठेवायचं आणि वर त्यालाच दंगेखोर म्हणायचं, ही तिथली रीत होती.

मॅडम आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "हा दवाखाना आहे, कोंडवाडा नाही." वेदना सुरू व्हायच्या आधीच औषध द्यायचं, असा त्यांचा हट्ट. पेशंट झोपेत असतानाच नाकात बधिरतेचं इंजेक्शन द्यायला त्या सरांना भाग पाडायच्या. सर म्हणायचे, "मॅडम, वेळ जातो हो." मॅडम म्हणायच्या, "वेळ तुमचा जातो, नाक त्याचं दुखतं. पुढच्या खेपेला अदलाबदल करून बघू." मग माझ्या खोलीत यायच्या. उशाकडची बाजू वर, मोठे दिवे बंद, पलंगाभोवतीची गर्दी बाहेर. बोलायचं एकानेच, तेही कानाशी आणि सावकाश. तरीही कुणी तडफडला तर त्या मला विचारायच्या, "शैला, हा काय सांगतोय?" मला वाटायचं तो काहीच सांगत नाहीये, नुसता झटापट करतोय. मॅडम डाफरायच्या, "नुसतं कुणी काही करत नाही. दुखत असेल, लघवी तुंबली असेल, हवा कमी पडत असेल. शोध."

चिडक्या होत्या, यात शंका नाही. मोबाइल वाजला तर डोळे वटारायच्या. चहा गार झाला तर चहावरही रागवायच्या. मामा लोक त्यांना पाहून भिंतीला चिकटून उभे राहायचे. पण त्यांचा राग कधी पलंगावरच्या माणसावर निघालेला मी पाहिला नाही.

त्या दिवशी जगतापांचं ऑपरेशन होतं. खडकीला कारखान्यात नोकरी, माणूस एकदम शांत, नाकाचा पडदा वाकडा. अशा ऑपरेशनला रक्त खाली उतरू नये म्हणून घशात ओल्या गॉजची पट्टी भरतात. भूलतज्ज्ञ भरतात आणि पेशंटला उठवण्याआधी त्यांनीच ती काढायची असते. सर घाईत होते. पुढचा पेशंट टेबलावर घ्या म्हणून त्यांनी तीनतीनदा आवाज दिला. मॅडमनी जगतापांचा घसा साफ केला, श्वासाची नळी काढली आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं.

जगताप उठले ते उसळूनच. शांत माणूस पलंगावरून खाली पडायच्या बेतात. दोन्ही मामा धावले. सर दारातून डोकावले आणि म्हणाले, "धरा त्याला. बांधा. झोपेचं द्या सिस्टर." एवढं बोलून ते बाहेर गेले. जगतापांच्या बायकोला त्यांनी कॉरिडॉरमध्ये विचारलेलं मला आत ऐकू आलं. "लपवू नका, दारू घेतात ना? न मिळाली की असे पेशंट फार त्रास देतात."

तेवढ्यात मॅडम आल्या. "कुणी हात लावायचा नाही!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मामांनी जगतापांचे खांदे सोडूनच दिले. मोकळा होताच जगतापांचा हात नाकाकडे गेला नाही, गळ्याकडे गेला. मॅडम क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शैला, बॅटरी. लांब चिमटा." जगतापांच्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "जगताप, तोंड मोठं उघडा. मला दिसतंय. मी काढतेय." आणि रक्ताने माखलेली गॉजची पट्टी बाहेर आली, ओढू तितकी लांब. जगतापांनी मोठा श्वास घेतला आणि ते उशीवर पडून रडायला लागले.

मॅडम चिमट्यात ती पट्टी धरून तशाच उभ्या. मी म्हटलं, "मॅडम, सरांनी घाई केली म्हणून..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "घाई त्याची. हात माझा." जगतापांचा श्वास नीट चाललाय, दुखणं कमी झालंय याची खात्री होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

सर परत आले, पट्टी पाहिली आणि त्यांनी दार लावून घेतलं. "निघाली ना? पेशंट ठीक आहे ना? मग विषय संपला. बाहेर बोलायचं कारण नाही. मी त्या बाईंना सांगितलंय, दारूमुळे होतं असं." हे इतक्या सहज! जणू बोळा कापसाचा आहे की गॉजचा, एवढंच सांगत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नोकरी होती, तोंडातून शब्द फुटला नाही.

मॅडमना फुटला. "तुम्ही काय सांगितलंत?" त्या दार उघडून थेट कॉरिडॉरमध्ये गेल्या. मी मागोमाग. जगतापबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डोळे सुजलेले. आम्हाला पाहताच म्हणाल्या, "रात्रपाळीहून उशिरा यायचे, मला वाटायचं कामच असेल. मला काही कळूच दिलं नाही हो त्यांनी."

"अहो, ऐका," मॅडम म्हणाल्या. "तुमचे मिस्टर दारूमुळे तडफडत नव्हते. त्यांच्या घशात मी पट्टी ठेवली होती. ती काढायला मी विसरले. त्यांना श्वास घेता येत नव्हता. आता काढलीय. ते बरे आहेत. चूक माझी आहे."

बाईंनी विचारलं, "मेले असते?"

"हो. जाऊ शकले असते."

"आणि आत त्यांना बांधायला निघाले होते?"

"हो."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही खरं सांगितलंत, ते बरं केलंत. पण मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नका करू," मॅडम म्हणाल्या. "आत या. तुम्हाला बघून त्यांना बरं वाटेल."

त्यानंतर मॅडमना कुणी काढलं नाही. काढायला त्या नोकरीत होत्या कुठे? फक्त फोन जायचा बंद झाला. सरांनी आपल्या मित्रांच्या कानावर घातलं असावं, कारण इतर हॉस्पिटलांतूनही बोलावणी कमी झाली. "हाताने चांगल्या आहेत, पण तोंडाने गोत्यात आणतील," असं एक डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले. विसरणारे इतरही असतील. त्यांचे फोन चालू आहेत, कारण ते बाहेर जाऊन बोलत नाहीत. याच्यावर मी आजही शांतपणे बोलू शकत नाही.

मॅडमनी मग काम थांबवलं आणि कात्रजला बहिणीजवळ राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा गॅलरीत बसून वाटाणे सोलत होत्या आणि शेंगा किडक्या दिल्या म्हणून भाजीवाल्याला शिव्या घालत होत्या. माझ्या मनात साचलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "मॅडम, एवढी वर्षं इतक्या जणांना नीट उठवलंत. एका चुकीपायी सगळं घालवलंत. त्या दिवशी गप्प बसला असतात तर कुणाचं काय बिघडलं असतं? माणूस वाचला होता."

त्यांनी हातातली शेंग टाकली. ऑपरेशन थिएटरात बघायच्या तशाच माझ्याकडे बघितलं.

"काही बिघडलं नसतं. माझे फोन चालू राहिले असते, तुझ्या सरांचं हॉस्पिटल चाललं असतं. आणि तो माणूस घरी जाऊन जन्मभर दारुडा म्हणून बायकोसमोर जेवायला बसला असता."